मोहाखालचे वीस गुण

यवतमाळच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं इंग्रजी कविता शिकवली. मस्टरवर माझं नाव काहीही असो, मुलांनी ठेवलेलं नाव होतं 'पाचपॉइंट मॅडम'. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण मी पाठ फिरवली की जिन्यावर हमखास ऐकू यायचं. मी रागावल्यासारखं करायची. मनातून मला ते नाव फार आवडायचं.

ह्या नावामागचा धंदा आधी सांगते. ज्यांनी कधी पेपर तपासले नाहीत त्यांना वाटतं की आम्ही उत्तरं वाचतो. नाही हो. समोर गठ्ठा, डोक्यावर पंखा, पेपर उडू नयेत म्हणून त्यावर डस्टर, आणि दर वर्षी न चुकता येणारा एक प्रश्न: रोमँटिक कवितेत माणसाचं निसर्गाशी नातं कसं दिसतं? ह्याचं उत्तर पाच मुद्द्यांत बसतं. निसर्ग आई आहे, निसर्ग गुरू आहे, निसर्ग औषध आहे, निसर्गात देव आहे, आणि शहराला कंटाळलेल्या माणसाचं निसर्ग हे माहेर आहे. मुलांनी हे मुद्दे अधोरेखित करायचे, मी लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत खाली यायचं. पाच मुद्दे, पाच खुणा, पुढचा पेपर. मुद्दे मीच वर्गात लिहून दिलेले असायचे, त्यामुळे मी दर उन्हाळ्यात माझंच उत्तर तपासायची आणि मलाच चांगले गुण द्यायची.

शिकवणं मात्र इतकं सोपं नव्हतं. हे इंग्रज कवी उन्हाळ्यावर जीव टाकतात. एप्रिलची दुपार, लाईट गेलेली, वर्ग तव्यासारखा तापलेला, आणि मी पदरानं वारा घेत सांगतेय की उन्हाळा म्हणजे आनंद, उन्हाळा म्हणजे जीवन. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, थ्या कवीले एक डाव मे महिन्यात यवतमाळले बलवा." त्या दिवशी तास तिथेच संपला.

दुसऱ्या एका वर्षी एका पाखराच्या गाण्यात कवीचं भान कसं हरपतं, ते मी अर्धा तास सांगितलं. सांगताना मीही रंगून गेले होते. घाटंजीकडचा एक मुलगा उभा राहिला.

"मॅडम, हे पाखरू दाने खाते का?"

"खात असेल."

"ज्वारीवर बसते का?"

"मला काय माहीत!"

"मंग त्यानं एवढं ऐकून कायले घेतलं? आमच्या इकडं तं गोफन फिरवते."

मी त्याला वर्गाबाहेर काढलं. स्टाफरूममध्ये जाऊन मात्र पोट धरून हसले.

आणि एक पेपर. कुणाचा, ते कळायचा मार्ग नाही, पेपरवर नुसता नंबर असतो. त्यात त्या पोरानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, "कवी म्हणतो, निसर्गाकडे परत चला. आम्ही तिथून निघालोच नाही, तर परत कसे जाऊ? कवीच्या वावरात रानडुकरं येत नसावीत." मी समासात 'विषयांतर' असं लिहिलं आणि दोन गुण दिले. पूर्ण गठ्ठ्यात स्वतःच्या डोक्यानं लिहिलेलं तेवढं एकच उत्तर होतं, आणि ते मी असं निकालात काढलं. आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला ह्या कविता कळल्याच नव्हत्या. तसं नाही. माझं त्यांच्यावर खरं प्रेम होतं, आजही आहे. तिकडे गिरण्या आल्या, धूर आला, माणसं गाव सोडून शहरात कोंबली गेली, तेव्हा काही तरुण कवी पाठ फिरवून डोंगर, तळी, ढग ह्यांच्याकडे निघाले. आपण काहीतरी हरवत चाललोय, हे त्यांना इतरांच्या आधी कळलं. हे वाचताना माझे डोळे भरून यायचे. अडचण एवढीच, की मी स्वतः वाढले शहरात, वडील कलेक्टर कचेरीत, आणि माझा निसर्ग म्हणजे गॅलरीतल्या सात कुंड्या. त्यांतली तुळस सोडली तर बाकीच्यांची नावंही मला नीट माहीत नव्हती.

नोकरीच्या शेवटून दुसऱ्या वर्षी मला वाटलं, की नुसतं वर्गात बसून हे शिकवायचं नाही. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला अंतर्गत परीक्षेचे वीस गुण असतात, ते आमच्या हातात. त्यांत आठ मिळालेच पाहिजेत. सात मिळाले तरी विषय गेला आणि विषयासोबत वर्ष गेलं. बहुतेक जण ह्या वीस गुणांसाठी घरून निबंध लिहून आणायला सांगतात आणि मुलं तो एकमेकांचा उतरवून आणतात. मी जाहीर केलं की मार्च महिन्यात एका सकाळी सगळ्यांनी गावाबाहेरच्या तलावापलीकडे यायचं. प्रत्येकानं एकेक झाड निवडायचं, त्याच्याखाली तासभर एकट्यानं शांत बसायचं, आणि निसर्ग आपल्याशी काय बोलला ते शेवटच्या पंधरा मिनिटांत इंग्रजीत लिहून द्यायचं. आमचे विभागप्रमुख राऊत सर म्हणाले, "मॅडम, पोरं तिथं झोपा काढतील." मी म्हटलं, काढू देत, झोपही निसर्गच आहे.

सोमवारी सकाळी साडेसातला मुलं मोटारसायकलींवर आली, मी ऑटोनं गेले. पळस नुसता पेटला होता. बारा मुलं बारा झाडांखाली पांगली. मी एक चांगलासा दगड बघून बसले, जवळचा चष्मा लावला, पुस्तक उघडलं. इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी कवितेच्या आत बसून कविता वाचत होते.

थोड्या वेळानं कानावर खर्र खर्र आवाज आला. मान वर करून पाहते तर पलीकडच्या मोठ्या झाडाखाली सुजाता कंबर वाकवून झाडतेय.

सुजाता भगत मूळची फुलसावंगीची. इथे लोहाऱ्याला आत्याकडे राहायची, सकाळी तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची आणि अकराच्या तासाला धावत यायची. बी.एड. आधीच झालेलं होतं. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतल्यावर मोठेपणी पाटी धरली आणि सही करायला शिकले, हे ती फार अभिमानानं सांगायची. आता घरातली पहिली एम.ए. ती होणार होती. गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीची जागा होती आणि तिचा निकाल लागेपर्यंत थांबायला तिथले लोक तयार झाले होते. म्हणजे ह्या वर्षी पास, तर नोकरी. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच दिसलं, की मी निसर्गाचं ऐकायला सांगितलं आणि ही बाई खराटा घेऊन सफाईला लागलीय. आणि खराट्याच्या त्या आवाजानं माझी कविता पार विस्कटली होती. मी ताडताड तिच्याकडे गेले, "सुजाता, बस खाली!" म्हणून ओरडले आणि परत येऊन दगडावर बसले. ती बसली नाही.

तास संपल्यावर तिनं जो कागद दिला त्यावर चार वाक्यं होती. झाडाखालची अर्धी जागा कुणीतरी झाडलेली होती. खराटा बुंध्याला टेकवून ठेवला होता. उरलेली जागा मी झाडली. झाड मोहाचं आहे, कुणाचं ते मला माहीत नाही. बस्स, एवढंच.

घरी आल्यावर कळलं की जवळचा चष्मा हरवलाय. जुना काढला आणि कागद तपासायला बसले. बाकीच्यांनी मस्त लिहिलं होतं. निसर्ग आई, निसर्ग गुरू, निसर्ग औषध. पाचही मुद्दे झाडाखाली बसून लिहिलेले. कुणाला पंधरा, कुणाला सोळा. सुजाताच्या कागदाखाली मी लाल पेनानं लिहिलं, "यात निसर्ग कुठे आहे?" आणि वीसपैकी सहा दिले. चष्म्यावर ढकलणार नाही. मला स्वच्छ दिसत होतं, मी सहाच दिले.

गुरुवारी गुणपत्रक सही करून राऊत सरांकडे दिलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत गुण विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर भरायचे आणि एकदा भरले की कुलूप. त्याच दुपारी, गुण कळल्यावर, सुजाता स्टाफरूमच्या दारात आली.

"मॅडम, आठ लागतात. माह्यं काय चुकलं तेवढं सांगा."

"बसायला सांगितलं होतं. लिहायला सांगितलं होतं."

"बसवलंच नाही मॅडम. अर्धं झाडलेलं पाहून कसं बसावं?"

"तिथे आपण सफाईला गेलो होतो का?"

मग तिनं नोकरीचं सांगितलं. विनवणी नाही, डोळ्यांत पाणी नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी म्हणाले, "नोकरी बघून मी गुण देत नाही. तीस वर्षांत एकाचाही गुण मी बदललेला नाही." हे वाक्य मला तेव्हा फार रुबाबदार वाटलं होतं. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि गेली. माझ्या चहाला मात्र चव लागेना.

शुक्रवारी सकाळी मी तलावाकडे गेले ती चष्म्यासाठी. गुण वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं, उगाच मोठेपणा घेत नाही. माझ्या दगडाभोवती गवतात शोधलं, काही सापडलं नाही. मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी उकिडवी बसून टोपलीत फुलं वेचत होती. पिवळसर, रसाळ, बोराएवढी फुलं, आणि सगळीकडे तो गोड, जड वास. माझ्याकडे बघून तिनं कमरेच्या पिशवीतून माझा चष्मा काढला.

"तुमचाच हाये ना वो बाई? इथंच पडेल होता. सारं झाडेल होतं म्हून दिसला, पाल्यात असता तं कोनाच्या पायाखाली गेला असता."

सुजातावर ओरडायला मी गेले होते, तेव्हाच तो पडला असणार. म्हातारीचं नाव गिरजाबाई. मी चष्मा पदरानं पुसत होते, तेवढ्यात तिनंच विचारलं, "झाडलं कोनं, तुमाले ठाव हाये काय? तुमची पोरं आलती म्हनते इकडं."

"का? काय झालं?"

"मी रविवारी झाडाले लागली अन् माह्या गुडघ्यानं दगाच देल्ला. अर्ध्यातच खराटा ठेवला अन् धरत धरत घरी गेली. फूल तं कोनासाठी थांबत नाई. पाल्यात पडलं का गेलं. लोकं पाला जाळून टाकते, पन मंग रान पेटते, झाडाले बी आच लागते. मले वाटलं, औंदाचं फूल गेलं. लेकाले सोबत घेऊन मंगळवारी आली अन् पाह्यते तं सारं चकाचक!"

तिनं मला समजावून सांगितलं, आणि आमच्या जिल्ह्यात आयुष्य काढलेली मी ते पहिल्यांदा ऐकत होते. रानातलं मोहाचं झाड असलं तरी ते कुणाचं तरी असतं. कागद नाही, कुंपण नाही, पण कुठल्या घरानं कुठल्या झाडाखाली वेचायचं हे ठरलेलं. झाडाखालची जागा झाडलेली दिसली की समजायचं, इथे कुणीतरी यायचं आहे. मग मी तिला सांगितलं, झाडलं ते माझ्या एका विद्यार्थिनीनं.

"थ्या पोरीनं एक फूल बी नेलं नाई," गिरजाबाई म्हणाली. "दुसऱ्याचं फूल तसं कोनीच नेत नाई. पन दुसऱ्याचं झाड झाडून कोन देते, सांगा? तुमी कायच्या मास्तरीन?"

"इंग्रजी कवितेची. झाडं, पाखरं, नद्या, त्यांच्यावर माणसाचं प्रेम कसं असतं, ते त्यात असतं."

गिरजाबाईनं जरा विचार केला. "अन् त्याले इंग्रजी कायले लागते?"

मी तिथेच, त्या झाडलेल्या जागेवर बसले. ज्या कविता मी तीस वर्षं शिकवत आले होते, त्यांत कितीदा तरी वावरात, रानात कुणीतरी वाकून काम करत असतं. कवी थांबतो, बघतो, त्याला भरून येतं, आणि तो पुढे जातो. त्या थांबून बघणाऱ्याबद्दल मी हजार वेळा बोलले होते. वाकलेल्या माणसाला त्या सकाळी काय वाटत असेल, हे मी एकदाही वर्गाला विचारलं नव्हतं. आणि माझ्या बारा विद्यार्थ्यांतल्या अकरांनी माझ्यासारखं थांबून बघितलं, आणि एकीनं झाड बघताबरोबर ओळखलं की इथे एक थकलेलं माणूस होतं. यात निसर्ग कुठे आहे, म्हणून मी तिला विचारलं होतं! मी तशीच उठून निघाले.

त्यानंतरचा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. ऑटो परत पाठवून दिला होता. तलावाच्या बांधावरून सडकेवर येईस्तोवर चपलेचा अंगठा तुटला. एका दूधवाल्यानं मोटारसायकलवर बसवून कॉलेजपर्यंत आणून सोडलं. दोन रिकामे कॅन आणि मध्ये मी, हे दृश्य फाटकावर अख्ख्या बी.ए. प्रथम वर्षानं पाहिलं.

राऊत सर गुण भरायलाच बसले होते. "सर, थांबा. एक गुण बदलायचा आहे."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तुम्ही? तुम्ही बदलणार?"

"हो."

"मग अर्ज लागेल मॅडम. सही झाल्यावर बदल करायचा तर शिक्षकानं लिहून द्यावं लागतं, माझ्याकडून मूल्यमापनात चूक झाली म्हणून. कारणासकट."

माझी चूक झाली हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी लिहून दिलेलं नाही. पण बसले आणि लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "विद्यार्थिनीने नेमून दिलेले काम केले होते. ते काम काय होते, हे परीक्षकास समजले नव्हते." सरांनी दोनदा वाचलं आणि आधी त्याची झेरॉक्स काढली.

"ही मी फ्रेम करून लावतो. किती भरू? वीस?"

"सतरा."

"आता तीन कुठं गेले?"

"लिखाण चारच ओळींचं आहे," मी म्हणाले. सर हसता हसता खुर्चीवरून पडायचेच बाकी होते.

सुजाताला मी निरोप पाठवून बोलावलं. ती बिचारी तोंड पाडून आली, तिला वाटलं अजून काही राहिलंय. मी सतरा म्हटलं तरी तिला पटेना. "सतरा कायचे मॅडम? मी तं काही लिहिलंच नाही." मग मी तिला सगळं सांगितलं, चष्मा, गिरजाबाई, टोपलीतली फुलं, अर्ज, दुधाचे कॅनसुद्धा. मला वाटलं आता ही आनंदानं उडी मारेल. तिनं पहिला प्रश्न विचारला, "म्हातारीचा गुडघा कसा हाये आता?"

मी तो विचारला नव्हता. मला रडू आलं. तिला काय करावं कळेना, म्हणून तिनं माझी तुटकी चप्पल उचलली आणि सेफ्टीपिन लावून दिली.

सुजाता पास झाली, नोकरी लागली. त्यानंतरच्या माझ्या शेवटच्या वर्षी मी त्या प्रश्नाचे पाच मुद्दे लिहून दिलेच नाहीत. मुलं हवालदिल झाली, काहींनी जुन्या झेरॉक्स मिळवल्या, पण काहींनी स्वतःचं लिहिलं, आणि पेपर तपासायला मला तिप्पट वेळ लागला. पण इतकी मजा त्याआधी कधी आली नव्हती.

यंदा मार्चमध्ये तिचा फोन आला. "मॅडम, फुलसावंगीले या. माह्या पोरांचं प्रॅक्टिकल हाये." इंग्रजीला कसलं प्रॅक्टिकल, म्हणत मी एस.टी.नं गेले. रानाच्या कडेला तिचा अकरावीचा वर्ग उभा होता. दर वर्षी तिच्या वर्गातली मुलं गावात विचारून येतात, यंदा कुणाचं झाड झाडायचं राहणार आहे. कुणी आजारी, कुणी बाळंतीण, कुणाचा गुडघा धरलेला. मग सगळ्यांनी त्या झाडाखाली झाडायचं आणि इंग्रजीत चार ओळी लिहायच्या. चारच, जास्त नाही. सुजातानं माझ्याही हातात खराटा दिला.

"आधी झाडा मॅडम, मंग लिहा."

मी झाडलं. कंबर बोलायला लागली, घाम नाकावर आला, पाला डावीकडून लोटला की उजवीकडून परत यायचा. मुलं तोंड लपवून हसत होती. शेवटी मी बसले आणि मन लावून चार ओळी लिहिल्या. चांगल्या उतरल्या होत्या, एकतीस वर्षांचा अभ्यास होता त्यांच्यामागे. कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो वाचलाच नाही. झाडाभोवती एक चक्कर मारली, बुंध्यामागे वाकून पाहिलं, आणि पर्समधून लाल पेन काढून कागदावर आकडा टाकला. आठ.

"पास झाल्या मॅडम. पन बुंध्याजवळचं राह्यलं. वाढवून पाह्यजे असन तं अजून टाइम हाये."

एकतीस वर्षांत मी कुणालाही दुसऱ्यांदा संधी दिली नव्हती. खराटा उचलून मी बुंध्यामागे गेले.